पाकिटावर पानाची लव छापा

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आमच्या काकांचं वावर आहे, धुऱ्यापासून नाल्यापर्यंत सगळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. लागवड एकाच दिवशी झालेली, खत एकच, डवरणीही एकच. बियाणं मात्र दोन वाणांचं. एका वाणाची पाकिटं कमी पडली म्हणून काकांनी त्याच दुकानातून, त्याच किमतीत दुसऱ्या वाणाची पाकिटं आणली होती. दोन्ही बीटी, म्हणजे बोंडअळीला आवरणारं जनुक घातलेले, दोन्हींवर टपोऱ्या बोंडांचं चित्र. पण त्या दिवशी धुऱ्यावर उभं राहिलं की वावराच्या मधोमध कुणी दोरी धरून रेघ आखावी तसा फरक दिसत होता. डावीकडची झाडं हिरवीगार. उजवीकडच्या झाडांची पानं कडेनं पिवळी पडलेली, काहींच्या कडा तांबूस होऊन खाली वळलेल्या, पालथ्या घातलेल्या वाटीसारख्या.

“इकडं लाल्या आला,” काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी फवारा मारायला माणूस सांगून ठेवला होता.

मी उजवीकडचं एक पान उलटं केलं. मधल्या शिरेपाशी फिकट पोपटी रंगाची पाच-सहा पिल्लं बसली होती. उजेड पडताच ती खेकड्यासारखी तिरकी सरकली आणि शिरेच्या पलीकडे गेली. तुडतुडे. मग डावीकडचं पान उलटं केलं. तिथं शोधून शोधून एक सापडला. खिशातलं भिंग दोन्ही पानांवर धरलं तेव्हा कारण समोर आलं. उजवीकडचं पान जवळजवळ तुकतुकीत होतं, शिरांवर तुरळक आखूड केस. डावीकडच्या पानाच्या शिरांवर मात्र लांब, दाट, पांढुरकी लव होती. काकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग भिंग माझ्या हातात देऊन ती दोन पानं आळीपाळीनं गालावर फिरवून पाहिली आणि विचारलं, “हे पाकिटावर काऊन नाही लिहीत?”

त्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही. जितकं शोधत गेलो तितकी खात्री पटत गेली की ते नसणं ही साधी राहून गेलेली गोष्ट नव्हे. कपाशीच्या पानावर लव किती आहे, हे प्रत्येक पाकिटावर छापणं सरकारनं सक्तीचं केलं पाहिजे, आणि ज्या भागात तुडतुडा ही मुख्य कीड आहे तिथं वाणाची शिफारस करताना हा निकष उत्पादनाच्या बरोबरीनं धरला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आधी लव करते काय ते पाहू. तुडतुड्याची मादी अंडी पानावर ठेवत नाही, पानात खुपसते. पानाच्या खालच्या बाजूला, शिरांच्या कोवळ्या गाभ्यात, एकेक करून. अंड्यातून निघालेली पिल्लं तिथंच सोंड रुतवून रस पितात आणि पिताना लाळ आत सोडतात. त्या लाळेनं पानाच्या नळ्या बिघडतात, कडेपर्यंत अन्नपाणी पोचत नाही. कड आधी पिवळी पडते, मग तांबूस होते, मग करपते. झाड अन्न तयार करणार ते पानातच. पान गेलं की पाती, म्हणजे कळ्या, गळतात, बोंडं बारीक राहतात. शिरेवर लांब लव असेल तर मादीची अंडी घालायची नळी शिरेत नीट रुतत नाही. त्यातूनही अंडं पडलंच तर बाहेर आलेल्या पिल्लाला सोंड टेकायला मोकळी जागा मिळत नाही. नवजात पिल्लू मिलिमीटरभरही नसतं. त्याच्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या केसांची दाटी म्हणजे तुऱ्हाट्यांचं कुंपण. इथं दाटीइतकीच लांबीही महत्त्वाची. आखूड लव दाट असली तरी तिचा तेवढा उपयोग होत नाही, म्हणून “केसाळ वाण” असं मोघम सांगूनही भागत नाही. या सगळ्यात विष कुठंच नाही. ना मजुराच्या अंगावर काही उडतं, ना विहिरीत काही उतरतं. आणि हे संरक्षण पहिल्या पानापासून शेवटच्या वेचणीपर्यंत झाडाबरोबर असतं, त्यासाठी पंप पाठीवर घ्यावा लागत नाही.

लाल्याबद्दल दोन शब्द इथंच सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आमच्याकडे पान लाल झालं की त्याला सरसकट लाल्या म्हणतात. पण पान लाल होण्याची कारणं वेगळी. मॅग्नेशियम कमी पडलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो, तेही आधी खालच्या जुन्या पानांवर. बोंडांचा भार असताना पाण्याचा ताण पडला किंवा रात्री एकदम थंड झाल्या तरी पान तांबडं पडतं. तुडतुड्याची लाली कडेनं आत येते आणि पान वाकतं. फरक ओळखायला पान उलटं करून पाहणं पुरतं. पण लाल पान खिशात घालून शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो आणि मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी, सोबत एक कीटकनाशक, सोबत एक टॉनिक घेऊन परत येतो. तिघांपैकी एखाद्याची गरज असते, कधी एकाचीही नसते.

आता हा सार्वजनिक प्रश्न का, ते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले, कित्येकांना दिवसेंदिवस नीट दिसत नव्हतं. सरकारनं चौकशी बसवली. उंच वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांची एकत्र मिश्रणं, नाकातोंडाला नुसता रुमाल, बॅटरीवरचे जोरकस पंप, अशी कारणं पुढं आली, आणि ती सगळी खरी होती. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीचाही जोर होता, म्हणून सगळं खापर तुडतुड्यावर फोडणं चुकीचं ठरेल. तरी चौकशीत जो प्रश्न मला सापडला नाही तो असा: झाडाला इतक्या फवाऱ्यांची गरज का पडत होती? मजुराला हातमोजे द्या, चष्मा द्या, हे सांगितलंच पाहिजे. पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात, खांद्याला लागणाऱ्या पऱ्हाटीत, चिखलातून चालताना रबरी हातमोजे आणि तोंडावर मुखवटा घालून किती वेळ काम होतं, हे ज्यानं एकदा केलंय त्यालाच ठाऊक. धोका कमी करायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे फवारे कमी करणं. ते कमी करायचे तर सुरुवात पहिल्या फवाऱ्यापासून करावी लागते.

पहिला फवारा बहुतेक वेळा तुडतुड्यासाठीच असतो. कृषी विद्यापीठांची शिफारस सांगते की दर पानाला सरासरी २ ते ३ तुडतुडे दिसले किंवा पानांच्या कडा वळू लागल्या तरच फवारा मारावा, आणि शक्यतो पहिले दोन महिने फवारणी टाळावी. यामागं मोठा अनुभव आहे. त्या दिवसांत कपाशीवर किडी खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, कोळी स्थिरावत असतात. एखादं जहाल औषध पडलं की आधी हेच मरतात. मग मावा वाढतो, पांढरी माशी वाढते, पिठ्या ढेकूण वाढतो, त्यांच्यासाठी दुसरा फवारा, मग तिसरा. तुकतुकीत पानाच्या वाणावर पहिला फवारा टाळणं शेतकऱ्याच्या हातात राहत नाही, कारण कडा खरोखरच वळायला लागतात. लव असलेल्या वाणावर तो चार-सहा आठवडे थांबू शकतो, कधी थांबायचीही गरज पडत नाही. काकांच्या वावरात त्या वर्षी उजवीकडे फवारणी झाली. डावीकडे आम्ही आठवडाभर रोज पानं मोजली आणि ती टाळली.

ही विद्या नवी असती तर मी एवढा आग्रह धरला नसता. ती शंभर वर्षांची आहे. १९२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन इथल्या केंद्रात एफ. आर. पार्नेल कापसावर काम करत होते. तिथल्या तुडतुड्यानं अमेरिकी कापसाची शेती जवळपास अशक्य करून ठेवली होती. पार्नेल यांनी उभ्या पिकातून तग धरून राहिलेली झाडं निवडली, त्यातून ‘यू ४’ हा लवदार वाण निघाला, आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागात कापूस पुन्हा उभा राहिला. पुढं १९४९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लव आणि तुडतुडा यांचा संबंध सविस्तर मांडला. आपल्या उपखंडातही अविभाजित पंजाबमध्ये १९४० च्या सुमाराला कोणत्या कापसावर तुडतुडा किती वाढतो याची मोजदाद झाली होती. मराठवाडा-विदर्भातल्या जुन्या माणसांना नांदेड-४४ आठवत असेल. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८० च्या दशकात आलेला तो संकरित वाण कोरडवाहू जमिनीत टिकायचा आणि रसशोषक किडींना दाद देत नसे, म्हणून वर्षानुवर्षे बाजारात राहिला. त्या काळच्या पैदासकारांना लवेचं मोल माहीत होतं आणि ते निवड करताना पान उलटं करून पाहत.

मग हे हातातून सुटलं कसं? मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मी बीटीचा विरोधक नाही. हिरव्या बोंडअळीनं नव्वदच्या दशकात जी दैना केली होती ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत बीटीनं तिला आवर घातला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बीटीचं प्रथिन अळीच्या पोटात काम करतं. रस पिणाऱ्या किडीला त्यानं काहीही होत नाही. एका दशकात हजाराहून जास्त बीटी संकरित वाण मंजूर झाले. एवढ्या घाईत प्रत्येकाचं पान कोण तपासणार? आणि तपासायची गरजही वाटली नाही, कारण बियाण्याला इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची प्रक्रिया करून ते पाकिटात येत होतं. पहिले महिना-दीड महिना औषधच झाडाला सांभाळायचं. वाणाचं पान तुकतुकीत असलं तरी ते कुणाच्या लक्षात यायचं नाही, प्रात्यक्षिक बघायला आलेल्या शेतकऱ्याच्या तर नाहीच. कच्ची भिंत होती, तिच्यावर रंग चांगला लावला होता. पुढं तुडतुडे त्या औषधाला सरावले, रंग उडाला आणि भिंत उघडी पडली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी बीटी संकरित वाण तुडतुड्याला बळी पडतात हे वेळोवेळी सांगितलं आहे. त्यांनी आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये दोन दशकांचा हिशेब मांडला. बीटीनंतर कीटकनाशकांचा खर्च आधी उतरला, पण रसशोषक किडींनी आणि पुढं बोंडअळीनं तो पुन्हा चढवला, आणि अखेर तो बीटीच्या आधीपेक्षाही वर गेला.

या सगळ्यात एक संधी हुकली, तिची मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. लवेचा एक तोटा जुन्या पैदासकारांना नेहमी अडवायचा. हिरव्या बोंडअळीची मादी पतंग तुकतुकीत पानापेक्षा लवदार पानावर जास्त अंडी घालते. म्हणजे तुडतुडा आवरायला लव वाढवावी तर बोंडअळीला आमंत्रण. अमेरिकेत त्यामुळे, आणि यंत्रानं वेचलेल्या रुईत पानाचा कचरा कमी यावा म्हणूनही, तुकतुकीत पानाकडे ओढा राहिला. बीटी आल्यावर ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली होती. हिरव्या अळीचा बंदोबस्त जनुक करत होतं, तेव्हा लव मोकळ्या हातानं वाढवता आली असती. जनुक आणि लव एकमेकांच्या जोडीला उभे राहिले असते तर विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला दोन्हींकडून पाठबळ मिळालं असतं. आपण एक हातात घेतलं आणि दुसरं टाकून दिलं.

आता पाकिटाकडे येतो. पावणेपाचशे ग्रॅमच्या पाकिटावर वजन असतं, कमाल किंमत असते, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख असते. हे सगळं कायद्यानं छापावं लागतं आणि शेतकऱ्याला त्याचा उपयोगही होतो. पण बी उगवल्यानंतर झाड किडीपुढं कसं वागेल, याबद्दल एक अक्षर नसतं. माहिती नसती तर गोष्ट वेगळी. पिकांचे वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याखाली कपाशीच्या वाणाची नोंदणी करायची तर त्याची ओळख पटवणारी लक्षणं एका ठरलेल्या तक्त्यात भरून द्यावी लागतात. पानाचा आकार, पाकळीचा रंग, परागाचा रंग, बोंडाचा आकार, आणि त्याच तक्त्यात पानावरची लवही असते: विरळ, मध्यम की दाट. म्हणजे ज्या कंपनीला किंवा विद्यापीठाला आपल्या वाणावर हक्क सांगायचा आहे, तिनं पान उलटं करून पाहिलेलं असतं आणि सरकारी कागदावर लिहूनही दिलेलं असतं. वाण कुणाच्या मालकीचा हे ठरवायला लव मोजायची, आणि तो वाण विकत घेणाऱ्याला मात्र ती सांगायची नाही, हे मला पटत नाही. कृषी संशोधनाच्या चाचण्यांत तुडतुड्याच्या नुकसानीची १ ते ४ अशी श्रेणी लावायची पद्धतही जुनी आहे. पहिल्या श्रेणीत पानं निरोगी, चौथ्या श्रेणीत करपून वाकलेली. दोन्ही आकडे तयार आहेत. ते फायलीतून उचलून पाकिटावर आणायला संशोधन लागत नाही, एक आदेश लागतो. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांपुढं ठेवला, त्यात पाकिटावर क्यूआर कोडची तरतूद आहे. त्या कोडमध्ये ही माहिती जरूर घाला, पण ती पाकिटावर शब्दांतही छापा. काकांच्या फोनला क्यूआर वाचता येत नाही, काकांना मराठी वाचता येतं.

पांढऱ्या माशीचा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो मांडणारे लोक जाणते आहेत. पांढरी माशी लवदार पानावर जास्त रमते. २०१५ मध्ये पंजाबात पांढऱ्या माशीनं कपाशीचं जे वाटोळं केलं ते कुणीच विसरलेलं नाही. तिथं तिच्यासोबत पान मुरडणारा विषाणूजन्य रोगही येतो. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याला दाट लवेचा वाण घ्या असं सांगणं म्हणजे त्याला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात टाकणं. पण हा आक्षेप लेबलाच्या विरोधात जात नाही, उलट लेबल का हवं हेच त्यातून कळतं. सगळ्या देशात एकाच तऱ्हेचं पान चालणार नाही म्हणूनच कुठलं पान आपण घेतोय हे घेणाऱ्याला माहीत हवं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू काळ्या जमिनीत जुलै ते सप्टेंबर तुडतुड्याचा त्रास जवळजवळ दर वर्षी असतो, तिथं लव हवी. जिथं पांढरी माशी मुख्य, तिथं लव कमी आणि पानांची बोटं सुटी असलेला, हवा-उजेड आत खेळू देणारा भेंडीच्या पानासारखा वाण बरा. पानाबाहेरच्या मधुग्रंथी नसलेली कपाशीही पैदासकारांना माहीत आहे. हवाईतल्या रानकापसातून आलेलं ते लक्षण बोंडअळीच्या पतंगांना आणि काही ढेकणांना मिळणारा मधच बंद करतं. झाडाच्या अंगावर अशी कितीतरी हत्यारं आहेत. कुठलं हत्यार कुठल्या गावाला, हे ठरवण्याचा अधिकार त्या गावातल्या माणसाला मिळाला पाहिजे, आणि माहिती नसेल तर तो अधिकार कोरा राहतो.

रुईत कचरा येतो हा दुसरा आक्षेप. यंत्रवेचणी जिथं होते तिथं तो खरा. आपल्याकडे आजही कापूस बायका हातानं वेचतात, आणि कचरा कमी-जास्त होतो तो वेचणीच्या घाईनं आणि दवानं. पुढं यंत्रं आली तर त्या वेळी त्या भागासाठी विचार करू.

तिसरा आक्षेप मी कंपन्यांच्या माणसांकडून ऐकला आहे: शेतकरी लव बघत नाही, तो बोंडाचं वजन बघतो. बरोबर आहे, कारण त्याला बोंडाचं वजनच सांगितलं जातं. पोस्टरवर बोंड, पाकिटावर बोंड, शिवारफेरीत बोंडं मोजणार. काकांना भिंगातून एकदा पान दाखवलं तर दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्याच्या धुऱ्यावर उभे राहून पानं उलटी करत होते.

ही गोष्ट फक्त कापसाची असती तर एक वेळ सोडून दिली असती. सोलापूरकडच्या वाचकांनी आपली मालदांडी आठवावी. मोहोळच्या केंद्रातून १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ रब्बीच्या ज्वारीत आजही का टिकून आहे, याचं उत्तर भाकरीच्या चवीत आणि कडब्यात आहे, पण थोडं तिच्या रोपाच्या पानातही आहे. ज्वारीच्या खोडमाशीची मादी कोवळ्या रोपाच्या पानाखाली लांबट पांढरं अंडं चिकटवते. पहाटे दवाच्या ओलीत अळी निघते आणि पानावरून सरकत पोंग्यात उतरते. आत वाढीचा कोंब कुरतडते, मधलं पान सुकतं, ओढलं की हातात येतं. पोंगेमर. मालदांडीच्या रोपाची पानं चकचकीत असतात. अशा पानांच्या ज्वारीला पोंगेमर कमी होते, आणि पानाखाली बारीक लव असेल तर आणखी कमी, हे ज्वारीच्या अभ्यासकांनी नीट तपासलं आहे. शेकडो वर्षं रब्बीची ज्वारी पेरणाऱ्या माणसांनी पोंगेमरीतून वाचलेल्या धाटांचं बी राखत राखत हा चकचकीतपणा जपला होता. कुणी त्याला नाव दिलं नव्हतं. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. तिनं उत्पादन भरपूर दिलं, पण खोडमाशीपुढं ती इतकी दुबळी निघाली की पुढं संशोधकांनी सहज बळी पडणाऱ्या ज्वारीचा नमुना म्हणून तिलाच चाचण्यांत लावलं. पेरणी जरा लांबली की रोपं जायची, म्हणून फोरेटसारखी जहाल दाणेदार औषधं पेरणीबरोबर जमिनीत पडायला लागली. कापसात चाळीस वर्षांनी जे झालं, त्याची तालीम ज्वारीत आधीच होऊन गेली होती. उत्पादन वाढवताना झाडाच्या अंगावरचं कवच उतरवलं गेलं, आणि ते उतरवलंय हे पेरणाऱ्याला कुणी सांगितलं नाही.

परदेशातून एक ताजी गोष्ट. आपला हा तुडतुडा अमेरिकेत पोचला आहे. २०२५ च्या हंगामात फ्लोरिडा, जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना अशा आग्नेयेकडच्या राज्यांतल्या कपाशीवर तो पसरला, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी पहिल्यांदा आपल्यासारखी कडेनं करपलेली पानं पाहिली. त्याच देशात सोयाबीनची गोष्ट उलट आहे. तिथं सोयाबीनच्या सुरुवातीच्या काळात दुसऱ्या एका तुडतुड्यानं तुकतुकीत पानाचं सोयाबीन असं झोडपलं की शेतात लवदार वाणच राहिले. लवेमुळे हा प्रश्न इतका मिटला की तिथला सोयाबीनवाला त्या किडीचं नावही फारसं काढत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. पाकिटावर दोन ओळी: पानाची लव विरळ, मध्यम की दाट, आणि फवारणी न केलेल्या चाचणीत तुडतुड्याची श्रेणी किती. “फवारणी न केलेल्या” या शब्दांवर मी अडून बसेन, कारण औषधाच्या आडोशानं कुठलाही वाण पहिल्या श्रेणीत येतो. अकोला आणि परभणीच्या विद्यापीठांनी दर हंगामाआधी मराठीतून बाजारातल्या वाणांची ही यादी जिल्हावार जाहीर करावी. महाबीज हे राज्याचं बियाणे महामंडळ सरकारचंच आहे, त्यानं आदेशाची वाट न बघता आपल्या पाकिटांवर हे छापून सुरुवात करावी. आणि दर कृषी मंडळात एका प्रात्यक्षिकात तरी आठ-दहा वाणांची एकेक ओळ बिनफवाऱ्याची उभी ठेवावी. ऑगस्टमध्ये तिथं शिवारफेरी काढा. धुऱ्यावरून दिसेल, कुणाला भाषण करावं लागणार नाही.

यंदाच्या जूनमध्ये काका दुकानात गेले तेव्हा मी सोबत होतो. गेल्या वर्षीचा डावीकडचा वाण आलेला नव्हता, कंपनीनं तो बंद केला असं कळलं. काकांनी समोरची चार-पाच पाकिटं उलटीसुलटी करून पाहिली. मग पिशवीतून नातवाची जुनी वही काढली. तिच्या पानांमध्ये त्यांनी गेल्या वर्षीचं कपाशीचं एक पान दाबून ठेवलं होतं, वाळून तपकिरी झालेलं, पण बोट फिरवलं तर लव अजून लागत होती. ते दुकानदारापुढं ठेवून म्हणाले, “असं पान असलेलं दे.” दुकानदारानं पान उजेडात धरून पाहिलं, त्यावर बोट फिरवलं, आणि भला माणूस, लगेच एका कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला. पलीकडचा माणूस बोंडाचं वजन सांगत होता. पानाचं त्याला माहीत नव्हतं.